उजवा कौल

माझ्या आईने मला फसवलं. देवळात फसवलं, देवासमोर, आणि तेही माझ्या वडिलांच्या नावावर. हे कळायला मला चाळीसहून जास्त वर्षं लागली आणि तोवर ज्या माणसावर राग धरायचा नव्हता त्याच्यावर मी तो धरून बसले होते. हे सुरुवातीलाच सांगून टाकते. काजूच्या धंद्यात मी एवढं शिकले की बी किडकी असेल तर पोतं सोडायच्या आधी बोलावं, नंतरच्या बोलण्याला भाव नसतो.

गोष्ट मी नववी पास झाले त्या उन्हाळ्याची. आमच्या गावच्या हायस्कुलात वर्ग नववीपर्यंतच होते. दहावीची मान्यता या वर्षी नक्की येणार असं हेडमास्तर दर वर्षी झेंडावंदनाला सांगत, आणि ती कधी आली नाही. त्यामुळे नववी संपली की आमची सगळ्यांची पांगापांग होई. ज्यांचं कुणी आचऱ्यात किंवा मालवणात होतं ते पुढे जात. बाकीचे मुलगे गोव्याला हॉटेलात नाहीतर गॅरेजात लागत. मुली घरी बसत. घरी बसत म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात कोणी बसलेली मी पाहिली नाही. आचरा आमच्या वाडीपासून चालत दोन तास, आणि मधे ओहोळ. त्यावर माडाच्या खोडांचा साकव होता, तो जुलै लागला की पाण्याखाली जाई आणि गणपतीपर्यंत दिसत नसे. म्हणजे दहावी करायची तर आचऱ्यात राहायला हवं. आईची चुलत बहीण तिथे राहायची. मावशीने निरोप पाठवला होता, पोर हाताखाली काम करणार असेल तर येऊ दे, एका ताटाने काही बिघडत नाही. सगळं माझ्या बाजूने होतं. राहिला होता तो फक्त बाबांचा होकार.

आमच्या घरात तेव्हा तीनच माणसं. दोघी थोरल्या बहिणी लग्न होऊन गेल्या होत्या. बाबा बोलत नसत. त्यांच्याकडे 'हं' होतं, आणि ते चार तऱ्हांनी म्हणता येई. दिवसभर ते भातशेतीत नाहीतर काजूच्या बागेत, संध्याकाळी पडवीत बसून सुंभ वळणार. आई स्वयंपाकघरात. शेजारचं घर हाकेच्याही पलीकडे होतं, मधे नुसती काजूची झाडं. या घरात आवाज काय तो माझा. मी मोठ्याने वाचत असे. सहावीत मास्तरांनी सांगितलं होतं की मोठ्याने वाचलेलं लक्षात राहतं, आणि मी ते हुकूम मानून धरलं. संध्याकाळी आई चुलीपुढे बसे, मी दाराच्या उंबऱ्यावर, पाठ चौकटीला टेकून, आणि वाचायला सुरुवात. इतिहास, भूगोल, मराठीचे धडे, नागरिकशास्त्रसुद्धा. पाट्यावर वाटणाचा वरवंटा फिरत असायचा. मी एखाद्या ओळीवर अडले की तोही थांबायचा. आईला अक्षर येत नव्हतं. तिच्या माहेरी मुलींना शाळेत घालायची पद्धत नव्हती. पण नववीच्या भूगोलातल्या नद्या तिला माझ्याआधी पाठ झाल्या होत्या. मी पान उलटायला उशीर केला की ती विचारायची, "मगे?" म्हणजे मग, पुढे काय. कुळथाच्या पिठीला फोडणी बसायची, ठसका लागायचा, मी खोकत खोकत वाचत राहायचे आणि आईचं चाललेलंच असायचं, मगे, मगे.

आज बांद्याला माझ्या कारखान्यात चाळीस बायका काजू सोलतात. रेडिओ चालू असतो, वर त्यांची बडबड. लोक म्हणतात, एवढा गोंगाट कसा सहन करता. मला शांततेपेक्षा तो परवडतो.

मे महिन्याच्या पहिल्या तारखेला झेंडावंदन झालं की निकाल, ही सगळीकडचीच रीत. मी वर्गात दुसरी आले. पहिला एक मुलगा होता, तो पुढे कुठे गेला माहीत नाही. माझी मैत्रीण शालन सातवी का आठवी आली, पण तिचं काही अडत नव्हतं. तिचे वडील आचऱ्यात सोसायटीत नोकरीला होते, तिथे त्यांची खोली होती. शालननेच मला दहावीची जुनी पुस्तकं मिळवून दिली. वरच्या वर्गात जाणाऱ्याने खालच्याकडून घ्यायची नसतात, वरच्याकडून घ्यायची असतात. एप्रिलपासून पोरं या पुस्तकांसाठी एकमेकांच्या घरी खेपा घालत. तिने गाठून दिलेल्या आचऱ्याच्या एका मुलीकडून मी अख्खा संच घेतला, आणि तिने वर भूमितीचा कंपास मागूनही दिला नाही म्हणून तिच्याशी भांडलेसुद्धा. घरी आणून मी पुस्तकांना सिमेंटच्या पिशवीच्या खाकी कागदाची कव्हरं घातली. भाताच्या खळीने कोपरे चिकटवले. नाव घातलं, इयत्ता दहावी लिहिलं. इयत्ता लिहिताना हात जड करून लिहिलं, म्हणजे खोडता येऊ नये.

त्याच संध्याकाळी मी मराठीच्या पुस्तकातला पहिला धडा आईला वाचून दाखवायला घेतला. कुठल्यातरी थंड मुलुखातल्या टपालवाल्याचा होता. बर्फातून तो पिशवी घेऊन निघतो, आणि वाटेतला पूल वाहून गेलेला असतो. तिथवर वाचलं आणि बाबा गुरं घेऊन आले, म्हणून मी पुस्तक मिटलं. आई म्हणाली, "मगे?" मी म्हटलं, "फाल्या." उद्या.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना गाठलं. ते पडवीत सुंभ वळत होते.

"बाबा, माका दहावीक जावचां आसा."

"हं."

"म्हावशी ठेवन घेतंय म्हणता."

"हं. बघूया."

"बघूया म्हणजे कधी? शाळा जूनात सुरू होतली."

बाबांनी पायाच्या अंगठ्यात धरलेला सुंभ ओढून घट्ट केला. मग म्हणाले, "तुझी आवस एकटी पडतली." आवस म्हणजे आई.

"ती तसा म्हणाली काय?"

"म्हणाक कशाक व्हया?"

एवढं लांब वाक्य बाबा सहसा बोलत नसत. मी तिथे गप्प राहिले असते तर, आज मला वाटतं, आठ दिवसांत त्यांनी होकार दिला असता. पण मला तेव्हाही उधारीचा शब्द आवडत नसे. सौदा त्या क्षणी तुटला नाहीतर जमला पाहिजे. मी म्हटलं, "मगे देवाक विचारा. कौल घेवया. देव सांगात तां मी ऐकतलंय. पण तुमीय ऐकूक व्हया."

बाबा हसले. हसले म्हणजे नाकातून वारा सोडला. म्हणाले, "कबूल."

कौल लावणं आमच्याकडे नवीन नाही. लग्न, विहीर, वाटणी, आजार, काहीही अडलं की गावचा माणूस रवळनाथाच्या देवळात जातो. गुरव देवाच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. याच्यावर गावात भल्याभल्यांची भांडणं मिटलेली आहेत. मी हे सुचवलं ते भक्तीने नव्हे. मी सोमवारी देवळात फुलं नेऊन देत असे आणि बघत असे. ज्या पाकळीला पाणी कमी ती लवकर सुकते, आणि जी लवकर सुकते ती लवकर पडते. देवाची गोष्ट वेगळी असेल, पाकळीची गोष्ट एवढीच आहे.

आमच्या देवळाचे गुरव दाजी. त्यांचा मुलगा मुंबईला होता आणि त्याची पत्रं येत. दाजींना वाचता येत नव्हतं. मी त्यांना देवळामागे फुलं निवडताना गाठलं.

"दाजी, तुमच्या झिलाची पत्रां सध्या कोण वाचता?"

"मास्तर वाचता. पण वाचता आनी मगे गावाक सांगता."

"मी कोणाक सांगूचंय नाय. साकव उघडो पडलो काय आचऱ्यासून दर आयतवारी घराक येतलंय, तेव्हा वाचतलंय. जबाबय लिहितलंय. वर्षभर."

दाजींनी फुलांवरचा हात थांबवला. "आनी माझ्याकडसून काय व्हया?"

"माझ्या कौलाक उजव्या अंगाक पाणी वायच कमी."

"देव काय माझ्या पाण्यार चलता गो?"

"चलत नसात तर कमी लावल्यार बिघडता काय?"

दाजी खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, "तू मोठी झालंस काय वकील तरी होतलंस नायतर चोर." मी दोन्ही झाले नाही, काजूवाली झाले. बांद्याच्या बाजारात काही लोक म्हणतात की दोन्ही झाले, त्यांचं त्यांच्यापाशी.

म्हणजे फसवायला आधी मी निघाले होते. हे लपवत नाही. पण मी पंधरा वर्षांची होते, आणि माझी फसवणूक माझ्यापुरती होती. त्यात दुसऱ्या कोणाचं काही जाणार नव्हतं.

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. सांगायला नको होतं, पण मी आईला सगळं सांगायचे, अगदी कोणत्या मुलाने वर्गात कोणाला काय म्हटलं तेही. आई फणसाच्या आठळा सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "देवावांगडा घासाघीस करू नये गो सुमा." आणखी चारपाच आठळा सोलून झाल्यावर तिने विचारलं, "म्हणजे उजवोच पडतलो?"

"उजवोच पडतलो."

"बरां," आई म्हणाली, आणि सालं चुलीत टाकली.

कौलाच्या सकाळी बाबांना दाजींकडे जाऊन प्रश्न सांगून यायचा होता. तसा तो आधी सांगावा लागतो, म्हणजे गुरव नेमक्या शब्दांत देवापुढे घालतो. बाबा पायात वहाणा सरकवत होते. आई नारळ पदराखाली घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "तुमी गुरां सोडा. मी वाटेर दाजीक सांगान येतंय." बाबांनी वहाणा काढल्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण पाहिलेल्या गोष्टीचा हिशेब माणूस वेळेवर करतोच असं नाही.

देवळात आम्ही तिघं, दाजी, आणि दोन म्हातारे होते. म्हातारे रोजच तिथे असत. बाहेर ऊन कडक आणि आत दगड थंड. दाजींनी हात जोडून मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या घरच्या माणसांच्या मनात जी शंका इली हा, ती तू निवार रे म्हाराजा," आणि आम्ही मागून "होय म्हाराजा" म्हटलं. दोन म्हातारेही म्हणाले. पुढे प्रश्न ते गाभाऱ्यात वाकून, ओठांतल्या ओठांत बोलले. तो कधीच बाहेर ऐकू येत नसे. मी दाजींच्या बोटांकडे बघत होते. डावी पाकळी त्यांनी पाण्यात चांगली बुडवली. उजवी नुसती टेकवून काढली. मनात म्हटलं, माणूस शब्दाचा पक्का आहे.

मग वाट बघणं. मी आयुष्यात बऱ्याच वाटा बघितल्या. बँकेच्या बाकावर बघितल्या, दवाखान्यात बघितल्या. पण त्या पाकळीएवढी जवळून मी दुसरी कुठली वाट बघितली नाही. तिची कड आधी पांढरट झाली, मग आत वळली. एक माशी येऊन डावीवर बसली आणि माझा जीव वर आला. मग उजवी सुटली आणि खाली पडली.

"उजवो," म्हाताऱ्यांतला एक म्हणाला.

मी टाळी वाजवली असावी, कारण दाजींनी दचकून मागे बघितलं. ते बाहेर आले. माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाले, "चेडवाक घराकडे ठेवचां. देवाचो हुकूम झालो." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी.

"दाजी, उजवो पडलो," मी म्हटलं.

"पडलो ना. चेडवाक घराकडे ठेवलंव तर बरां काय, असो प्रश्न होतो. देव होय म्हणालो."

बाबांनी मान वर केली. "दाजी," एवढंच म्हणाले. मग त्यांनी आईकडे बघितलं. आई पदराच्या टोकाची गाठ सोडत होती, त्यात दक्षिणेचे पैसे होते. ती गाठ काही सुटत नव्हती. बाबा तिच्याकडे बघतच राहिले. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"प्रश्न असो उलटो कोणी घातलो?"

बाबांनी नजर आईवरून काढली आणि माझ्यावर आणली.

"मी," ते म्हणाले.

त्या एका शब्दावर मी चाळीस वर्षं काढली.

जूनमध्ये शालन निघाली. तिची पत्र्याची ट्रंक तिच्या वडिलांच्या डोक्यावर, आणि ती मागून नवीन निळ्या स्कर्टमध्ये, चिखल उडू नये म्हणून हाताने स्कर्ट उचलून धरलेला. आमच्या आंगणापाशी थांबून म्हणाली, "सुमा, तुझा भूमितीचां पुस्तक देतंस? माका मेळाक नाय." मी म्हटलं, "उंदरांक घालीन, पण तुका दिवचंय नाय." शालनने काय बिघडवलं होतं माझं? काही नाही. ती वडिलांच्या मागून निघून गेली. पुन्हा आमच्या आंगणात आली नाही. तेवढी एकच मैत्रीण होती मला, आणि धंद्यात पुढे माणसं पुष्कळ भेटली तरी मैत्रिणीची ती जागा रिकामीच राहिली.

तो पावसाळा मला आजही अंगावर येतो. लावणीच्या वेळी शेतात वाकलेलं असताना अकराची शाळेची घंटा ऐकू यायची. शाळा दिसत नव्हती, मधे टेकाड होतं, पण घंटा यायची. मग प्रार्थना यायची, वाऱ्यावर अर्धी. माझ्या मागचा वर्ग आता नववीत बसत असेल, माझ्या बाकावर कोणीतरी दुसरी. मी हातातला तरवा, भाताची रोपं, चिखलात खुपसत पुढे सरकायचे. बाबा शेजारच्या ओळीत. आम्ही दोघं दिवसभर एकमेकांपासून चार हातांवर असायचो आणि एक शब्द बोलायचो नाही. मी बाबांशी बोलणं टाकलं होतं. "वाढलंय" एवढंच बोलायचे, तेही भिंतीकडे बघून. ते पडवीत आले की मी आत जायचे. गणपतीनंतर एकदा ते आचऱ्याच्या बाजारातून नारळ विकून आले आणि फळीवर एक कंपासपेटी ठेवली. कोणाची, कशाला, काही बोलले नाहीत. मी तिला हात लावला नाही. दोन पावसाळ्यांत तिच्या बिजागऱ्या गंजल्या आणि ती उघडेनाशी झाली.

आणि मी वाचणं सोडलं. पुस्तकं माळ्यावर टाकली. संध्याकाळी मी उंबऱ्यावर बसायचेच, सवय होती, पण हातात काही नसायचं. पावसाचं पाणी पागोळ्यांतून पडायचं आणि वरवंटा फिरायचा, दुसरा आवाज नाही. श्रावणात कधीतरी, पेज उतरवताना, आईने पाठमोरी राहून विचारलं, "त्या टपालवाल्याचां मगे काय झाला गो?"

"मेलो," मी म्हटलं.

आईने पेजेवर झाकण ठेवलं. पुन्हा तिने कधी विचारलं नाही. टपालवाला मेला नव्हता. तो वाहून गेलेल्या पुलाच्या वरच्या अंगाने, झाडाच्या ओंडक्यावरून पलीकडे जातो आणि पत्रं पोचवतो. मी तो धडा एकटीने, मनात, माळ्यावर बसून पुरा केला होता.

लग्न, ते मोडणं, बाजारभावाने काजू मोजून विकत घ्यायला लागणं, पहिली भट्टी, हे सगळं वेगळं आहे. दहावी मी बाहेरून फॉर्म भरून केली, एकोणतिसाव्या वर्षी. गुणपत्रिका हातात आली त्या दिवशी बांद्याहून एसटीने गावी गेले, फक्त ती बाबांच्या पुढ्यात टाकायला. "बघा. देवान नको म्हणान सांगलेलां," मी म्हटलं. बाबांनी धोतराने चष्मा पुसला. कागद उजेडाला धरून ते बराच वेळ बघत होते, जणू सगळे विषय एकेक करून वाचत आहेत. मग म्हणाले, "बरां केलंस." मला वाटलं होतं, माफी मागतील. मी कागद त्यांच्या हातातून हिसकावला आणि पाणीसुद्धा न पिता परतीची गाडी धरली. आई मागून आंगणाच्या पायरीपर्यंत आली होती. तिने माझ्या पिशवीत आंबोळ्या कोंबल्या, केळीच्या पानात बांधून. गाडीत मी त्या खाल्ल्या. चांगल्या लागल्या.

बाबा गेले तेव्हा मी रडले नाही. लोकांनी ते बघितलं आणि बघितल्याचं मला दिसलं. दहाव्या दिवशी कावळा बराच वेळ पिंडाला शिवेना, तेव्हा म्हाताऱ्यांनी प्रत्येकाला पुढे होऊन काहीतरी बोलायला सांगितलं. काही राहिलं असेल तर बोला, म्हणाले. बहिणी बोलल्या. मी म्हटलं, माझं काही राहिलं नाही. आईला बोलायला कोणी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी काजूच्या बिया घ्यायला वाडीत गेले होते. दाजी देवळाच्या पायरीवर उन्हाला बसलेले. नव्वदी गाठलेला माणूस, डोळे गेलेले, पण आवाजावरून ओळखलं. म्हणाले, "वकील इलो." मी शेजारी बसले. इकडचं तिकडचं झाल्यावर मी सहज म्हटलं, बाबांनी तेव्हा तुमच्याकडून माझा कौल फिरवून घेतला, नाहीतर मी आज कुठच्या कुठे असते. सहज म्हटलं असं लिहिते आहे. चाळीस वर्षं भेटेल त्याला मी हे सहजच म्हणत आले.

दाजी म्हणाले, "तुझो बापूस खंय इल्लो माझ्याकडे? आवस इल्ली. नारळ घेवन. घोवान असोच प्रश्न सांगल्यान हा, म्हणाली. माका काय म्हायत. पाणी मी कमीच लायलंय हां, तुका शब्द दिलोलो."

मी विचारलं, "आणि बाबा?"

"तो सांजचो इलो. रागान नाय. म्हणालो, दाजी, झाला तां झाला. पण तिच्या आवशीचां नाव खंय काढू नको. चेडू माझ्यार रागावला तर चलात. आवशीर रागावला तर ती दोघांय वाया जातली." दाजींनी हाताने उन्हाचा अंदाज घेतला. "आता तो नाय, मीय चललंय. म्हणान सांगतंय."

आई आता माझ्याकडेच असते, बांद्याला. पंच्याऐंशी तरी असेल. कान शाबूत, दात निम्मे, जीभ पूर्ण. त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून तांदूळ निवडत होती. मी सरळ विचारलं. माझा आवाज चढलेला होता, तो कामवालीने ऐकला आणि ती मागच्या दाराने गेली. आईने सूप मांडीवर ठेवलं.

"तुका काय कमी पडला गो?" ती म्हणाली. "कारखानो आसा, गाडी आसा. चाळीस बायलो तुझ्या हाताखाली." आणि सूप पुन्हा उचललं.

हे उत्तर मला चालणार नाही. मी भाव करणारी बाई आहे, समोरचा मूळ मुद्दा सोडून दुसऱ्याच मालाचं कौतुक करू लागला की मला कळतं. मी कारखान्याचं विचारलं नव्हतं. दहावीचंही विचारत नाही आता, ती मी मिळवली. मी विचारते आहे ते बाबांचं. शेजारच्या ओळीत तरवा लावणाऱ्या माणसाशी मी बोलले नाही, त्याची कंपासपेटी गंजू दिली, त्याच्या हातातून गुणपत्रिका हिसकावून गाडी धरली, त्याच्या पिंडासमोर माझं काही राहिलं नाही म्हटलं. आणि आई, तू दर वेळी तिथेच होतीस. चुलीपुढे होतीस, पायरीवर होतीस, आंबोळ्या बांधत होतीस. एक शब्द पुरला असता. तो बाबांनी तुझ्यासाठी गिळला हे तुला ठाऊक होतं. तू त्यांना एकटं कसं मरू दिलंस?

आईला अजूनही वाचता येत नाही. तेव्हा ही पानं लिहून झाली की मी तिच्यासमोर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसणार आहे, पाठ चौकटीला टेकून, आणि पहिल्या ओळीपासून तिला मोठ्याने वाचून दाखवणार आहे. टपालवाला पलीकडे पोचतो तेही त्यात आहे. मी अडखळले तर तिचे हात सुपात थांबतील. आणि हे संपेल तिथे ती सवयीने विचारील, "मगे?"

या वेळी पुढचं तिने सांगायचं आहे.